बांधीच्या त्या टोकाचं गाणं

लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात मी भर मंडपात, अख्ख्या गावादेखत, नवऱ्याची चूक सुधारली. आता कबूल करते, चूक नव्हतीच. पण तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, आणि त्या वयाच्या बाईला जगातलं सगळं कळत असतं. कळायचं कमी होत जातं ते पुढे.

आमच्या चामोर्शीकडे धान घरात आलं की नाटकं सुरू होतात. ज्या गावात नाटक, त्या गावात घरोघरी पाहुणे. दिवसा बैलांच्या शर्यती, रात्री मंडप. आमचे हे पावसाळ्यात धान करायचे आणि हिवाळ्यात नाटक कंपनीच्या संगीतात गिटार वाजवायचे. ऑर्गनवाला आणि तबलजी सगळ्याच कंपन्यांकडे असत, गिटारवाला क्वचित. त्यामुळे आमच्या घरात थोडा तोरा होता. ह्यांच्यापेक्षा माझ्यात जास्त.

तर पहिला अंक संपला आणि पडदा पडला. मागे जंगल काढून राजवाडा टांगायचा होता, तेवढा वेळ गिटारनं भरून काढायचा. ह्यांनी एक तुकडा वाजवला. छान होता. आणि मध्येच थांबले.

मंडप शांत. मी बायकांच्या बाजूला सासूशेजारी बसले होते. वाट पाहिली. हात तारांवर तसेच, मान थोडी वर, पण वाजेना काही. विसरले! एवढ्या माणसांत, माझ्या माहेरचे आलेले असताना विसरले! आणि मी पुढची ओळ मोठ्यानं गायले. शब्द नाहीत, नुसती चाल. जिथे त्यांनी सोडलं होतं तिथून उचलून खाली आणून ठेवली.

अख्खा मंडप वळून पाहू लागला. सासूनं दंडाला असा चिमटा काढला की निळं पडलं. आणि ह्यांनी काय करावं? हसले, आणि माझ्या चालीला गिटारवर उत्तर दिलं. पुन्हा थांबले. मी चिमटा विसरून पुन्हा गायले. राजवाडा लागला तरी आमचं संपेना, शेवटी मॅनेजरनं शिटी वाजवली.

आता एवढं धाडस नव्या नवरीत कुठून आलं, असं कोणाला वाटेल. धाडसबिडस काही नाही. ती रोवण्याची, म्हणजे धानाच्या लावणीची, सवय. रोवण्याला आम्ही बाया बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यात, रांगेनं उभ्या राहतो, पायात चिखल, हातात धानाचं रोप, कंबर वाकलेली. या टोकाच्या बाया एक ओळ गातात आणि थांबतात. त्या टोकाच्यांनी उत्तर द्यायचं. नाही दिलं तर चिखलाचा गोळा पाठीत. मी लहानपणापासून असे इतके गोळे खाल्ले होते की कोणी गाता गाता थांबलं की माझं तोंड आपोआप उघडायचं.

घरी आल्यावर मी कमरेवर हात ठेवून विचारलं, "काऊन थांबले जी मधातच?"

ह्यांनी गिटार खुंटीला लावली. मग अगदी गरीब चेहरा करून म्हणाले, "विसरलो."

"असं कसं विसरता? इतकी माणसं होती!"

"तू होती म्हणून वाचलो नं. आता असं कर. मी सपरीत वाजवत बसन, तू चुलीपाशी ऐकत जाय. मी विसरलो का सांगत जाय."

मग काय, माझ्यावर जबाबदारीच आली. संध्याकाळी हे सपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, गिटार घेऊन बसायचे. मी चुलीपाशी. ते वाजवत आणि विसरत. मी भाकर परतता परतता पुढची चाल गायची. मग ते वाजवत, पुन्हा विसरत. किती वर्षं चाललं हे? मुलं झाली, मोठी झाली, आपापल्या ठिकाणी गेली. चुलीच्या जागी गॅस आला. ह्यांचं विसरणं काही सुधारलं नाही. मी शेजारणींना सांगायचे, "माणूस देवासारखा आहे, पण गाण्यात डोकं कच्चं." हे तिथेच बसून मान डोलवायचे. एकदा तर म्हणाले, "खरं आहे जी, मले हिच्यावाचून एक ओळ पुरी होत नाई."

शेजारीण तोंडाला पदर लावून हसली. मी म्हटलं, ही का हसून राह्यली?

नाटकातलं जागणं झेपेना तेव्हा ह्यांनी कंपनी सोडली. मग मला पकडलं. म्हणाले, "शिक." मी म्हटलं, आता या वयात? पण शिकले. बोटं कशी धरायची, कोणत्या तारेला काय म्हणायचं. ह्यांना स्वतःला ते बल्लारशाच्या रेल्वे कॉलनीतल्या एका गार्डसाहेबानं शिकवलं होतं. त्या साहेबाकडे तबकड्या होत्या, परदेशातल्या. त्यातलं वाजवणं मला कायम लंगडल्यासारखं वाटायचं, पाय इथे टाकायचा तर तिथे पडतो. हे म्हणायचे, "लंगडत नाई ते, डुलते." मी म्हणायचे, "मोहाची घेतली असन." गुण शून्य, पण जीभ चालायची माझी.

मग ते गेले. त्याला आता काही पावसाळे झाले. गिटार खुंटीला तशीच.

आणि तेव्हा मला कळलं की माझ्याकडे काय नाही. आमच्या फोनमध्ये बैलांचे फोटो आहेत. नातवंडांचे आहेत, एका भोपळ्याचे सात आहेत, कारण तो भोपळा मोठा होता. ह्यांच्या वाजवण्याचा एक आवाज नाही. रोज संध्याकाळी होतं ते कोण भरून ठेवतं? पाणी कोणी भरून ठेवतं, ऐकणं नाही. बरं, डोक्यात तरी असावं! डोक्यात शोधलं तर काय सापडावं? माझ्याच ओळी. मी गायलेलं एकेक वळण पाठ. ते वाजवत होते तेव्हा मी काय करत होते? मी माझ्या पाळीची तयारी करत होते. कधी थांबतात आणि कधी मी तोंड उघडते! नाटकाला गेले तरी सगळ्यांत मोठा आवाज माझाच. त्यांची ओळ कुठे थांबायची तो शेवटचा सूर तेवढा माझ्याजवळ राहिला, कारण तिथून मला उचलायचं असे. बाकी सगळी बांधी रिकामी.

मला त्यांच्या ओळी परत पाहिजे होत्या. दुसरं काही नाही. माणूस परत येत नाही एवढं मला कळतं, पण चाल का येऊ नये?

हे मी नातीला फोनवर सांगितलं. ती पुण्यात कॉम्प्युटरचं काम करते. ती म्हणाली, "आजी, तू रडतेस की गातेस?" मी म्हटलं, "दोन्ही करून राह्यली." तिनं मग काहीतरी शोधलं आणि मला एका मंडळात घातलं. ऑनलाइन अभ्यासगट. माणसं कुठली कुठली, रविवारी दिवेलागणीला फोनवर जमायची. जॅझ गिटारचा एक जुना सोलो घ्यायचा, म्हणजे मोठ्या वादकानं एकट्यानं वाजवलेला लांब तुकडा, आणि तो सगळ्यांनी मिळून थोडा थोडा बसवायचा. वादकाचं नाव मी इथे सांगत नाही, माझा उच्चार ऐकून नात जमिनीवर लोळते.

शिकवणारे सर गोव्याचे. मराठी बोलायचे, पण प्रत्येक वाक्याला हेलकावा, होडीत बसून बोलल्यासारखं. दर आठवड्याला चार बार. बार म्हणजे आपलं आवर्तन म्हणा. आधी ऐकायचं, मग तोंडानं गायचं, गाता आलं तरच गिटारवर शोधायचं. "ज्याला गाता येत नाही त्यानं वाजवू नये," हा सरांचा नियम. मला तो फार आवडला. आयुष्यात पहिल्यांदा माझं तोंड उघडं असण्याचा फायदा झाला.

दुसरा नियम माइक बंद ठेवण्याचा. सर वाजवणार, आपण त्यांच्याबरोबर वाजवायचं, पण आपला आवाज कोणाला जाऊ द्यायचा नाही. का, तर फोनवर आवाज पोचायला वेळ लागतो. हा त्याच्यासाठी थांबतो, तो ह्याच्यासाठी थांबतो, आणि सगळं मिळून बैलगाडी चिखलात रुतल्यासारखं होतं. म्हणून प्रत्येकानं आपल्या घरी एकट्यानं वाजवायचं आणि बाकीचे बरोबर आहेत असं धरून चालायचं. मला गंमत वाटली. पडद्यावर सगळे चेहरे हलतात, सगळ्यांची बोटं चालतात आणि ऐकू येतो एकटा एक माणूस.

हा नियम मला समजला तो मोडल्यावर. पहिल्याच रविवारी सरांनी चार बार वाजवले आणि थांबले. "आता चार बार शांत राहा आणि मनात ऐका," असं ते आधी म्हणाले होते. ते मी ऐकलं होतं. पण ते थांबले मात्र आणि माझं तोंड उघडलं. उरलेलं सगळं गाऊन मोकळी झाले, तेही माइक उघडा ठेवून. कोलकात्याच्या एका बाई कपातला चहा सांडून बसल्या.

मी म्हटलं, "माफ करा सर, मले वाटलं तुम्ही विसरले."

सर हसले नाहीत. विचारू लागले, "आजी, हे ट्रेडिंग तुम्हाला कोणी शिकवलं?"

"मी काही धंदा नाई करत सर. थोडी तांदळाची शेती आहे."

"तसं नाही. चार बार मी वाजवायचे आणि समोरच्यासाठी चार बार मोकळे सोडायचे. त्यानं त्यात उत्तर द्यायचं. जॅझमध्ये हे रोजचं आहे. थांबतात ते मुद्दाम, दुसऱ्याला जागा म्हणून. तुम्ही नेमकं तेच केलंत, आणि मोजून चार बारांत उतरलात. हे असं एका दिवसात येत नाही. कोणाबरोबर तरी पुष्कळ केलं असणार."

मी फोन पाटावर ठेवला आणि उठून मागच्या दारी गेले. बाकीचे पडद्यावर माझं छप्पर पाहत बसले असतील.

विसरलो म्हणे. इतकी वर्षं! रोज संध्याकाळी तोच गरीब चेहरा. आणि मी गावभर सांगत फिरले, डोकं कच्चं. हे गिटार खाली ठेवून मान डोलवायचे, आणि शेजारीण हसायची. तिला कळलं होतं, मला नाही. मागच्या दारी उभं राहून मी खुंटीकडे पाहून दोन-चार शिव्या घातल्या, त्या इथे लिहीत नाही. त्यांना त्या पाठ आहेत.

त्यानंतर मी रविवार चुकवला नाही. नेटवर्क आमच्याकडे घरात टिकत नाही, अंगणात धानाच्या पेंढ्यांची रास असते, तिच्यावर चढलं की असतं. तर मी राशीवर, मांडीत गिटार, फोन सुपाला टेकवलेला. बाकीच्यांच्या बोटांना तारांनी फोड आले म्हणून ते रडायचे. माझ्या बोटांनी जन्मभर रोवणा केला होता, त्यांना तार काय करणार?

मंडळात अमरावतीकडचे एक भाऊ होते. बँकेत नोकरी, पन्नाशीचे असतील. असतील असं मी धरून चालायचे, कारण तोवर ते कधी दिसले नव्हते. सगळ्यांचे चेहरे, आणि त्यांचा काळा चौकोन. मी दर रविवारी छेडायचे, "काय भाऊ, आज तरी तोंड दाखवा. का अजून हळद लागायची आहे?" ते लिहायचे, "मावशी, घरात पसारा आहे." सगळे मला आजी म्हणायचे, ते एकटे मावशी. बोलायचे काही नाहीत. सरांनी काही विचारलं की माइक उघडून "हो सर" आणि पुन्हा बंद.

सरांना मी एकदा माझं काम सांगितलं. सांगितलं की मला माझ्या ओळी येतात, ह्यांच्या येत नाहीत, फक्त त्यांचा शेवटचा सूर येतो. त्या शोधता येतील का?

सरांनी विचार केला. म्हणाले, "शेवटचा सूर आहे, आणि पुढचं उत्तर आहे. मधलं गेलेलं आहे. मागे मागे जाऊन पाहू. उत्तर आहे म्हणजे प्रश्नाचा काही तरी माग असणार."

मग मी रोज बसले. त्यांच्या शेवटच्या सुरावर बोट ठेवायचं आणि एक एक पाऊल मागे यायचं. कधी वाटायचं, सापडलं! फोनवर भरून सरांना पाठवायचे. सर म्हणायचे, छान आहे. दुसऱ्या दिवशी मीच ऐकायचे आणि कळायचं, हे तर सरांचंच वळण आहे, मागच्या रविवारचं. नाही तर माझं स्वतःचं. नाही तर त्या परदेशी बाबाचं. ह्यांचं एकही नाही. ह्यांचं कसं होतं ते मला सांगता येत नव्हतं, पण हे त्यांचं नाही एवढं पक्कं सांगता यायचं. माहेरचा तांदूळ नुसत्या वासानं ओळखू येतो तसं.

नातीला वाटलं मी खचणार. तिनं फोन केला. "आजी, अगदी तेच पाहिजे असं कुठे आहे? तुला सुचेल ते वाजव. आजोबांना चाललं असतं."

"त्याईले सारंच चालत होतं. मले चालत नाई."

"किती हट्टी आहेस गं!"

"तुह्या आजोबाले विचार," मी म्हटलं, आणि फोन ठेवला.

त्या आठवड्यात गावात नाटक होतं. मी गेले, पहिल्या अंकापुरती. आता गिटार नाही, सगळा आवाज एका पेटीतून येतो, बटणं दाबायची. पडदा पडला. पेटी वाजत राहिली, न थांबता, राजवाडा लागेपर्यंत. एकदाही श्वास घेतला नाही तिनं. माझ्या शेजारी कोणाची तरी नवी सून बसली होती, भुईमुगाच्या शेंगा खात. मला वाटलं, हिचं नशीब, हिला गायची पाळीच नाही. मग वाटलं, अरेरे.

तिथेच ठरवलं. सोलो पुरा झाला होता. शेवटच्या रविवारी प्रत्येकानं आपलं काहीतरी एकट्यानं वाजवायचं असं सरांनी सांगितलं होतं. एक जण वाजवणार, बाकीचे माइक बंद करून ऐकणार.

माझी पाळी आली तेव्हा मी राशीवर नीट बसून घेतलं. म्हटलं, "सर, मी माझ्याच ओळी वाजवते. मधातल्या चार-चार बारांच्या जागा ह्यांच्या आहेत. त्या मला सापडल्या नाहीत, तर मी त्या तशाच सोडते. पायानं ठेका धरते, तेवढा ऐका. कोणी मदत करू नका. कोणी काही वाजवू नका. माइक बंदच असू द्या."

सर म्हणाले, "तुमचं म्हणणं ऐकलं आजी. घ्या."

ह्यांचे चार बार आधी. पाय चालू केला, एक, दोन, तीन, चार. समोर सगळे चेहरे आणि एक काळा चौकोन. कोणाच्या तरी शेतातला पंप चालू होता, तो ऐकू येत होता. चार बार संपले. कुठल्या सुरावर संपले ते मला माहीत होतं, तिथून मी उचललं.

मग पुन्हा ह्यांचे. मला वाटलं होतं, त्या जागा फार मोठ्या वाटतील, त्यात मी रडेन वगैरे. तसं झालं नाही. उलट त्या छोट्या वाटल्या. मी ऐकत होते ना! जन्मात पहिल्यांदा मी माझ्या पाळीची तयारी न करता नुसतं ऐकत होते. ऐकायला काही नव्हतं, फक्त पंप आणि माझी टाच. तरी ऐकलं. तोंड मात्र उघडलं नाही. सासू असती तर म्हणाली असती, आली बाई अक्कल.

शेवटचं उत्तर दिलं आणि गिटारवर हात ठेवून तारा बंद केल्या. पडद्यावर कोणी हललं नाही. मी म्हटलं, नेटवर्क गेलं वाटते. तेवढ्यात सरांनी डोळे मिचकावले तेव्हा कळलं, गेलेलं नाही. कोलकात्याच्या बाईंनी हात जोडले.

आणि काळा चौकोन उजळला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. मिशीवाला माणूस, बनियनवर, मागे दोरीवर धुणं वाळत घातलेलं. पसाऱ्याचं खरं होतं तर. मांडीत गिटार, आणि डावा हात अजून तारांवर दाबलेला. मी थट्टा करणार होते, ओठावर आली होती. पण त्यांनी माइक उघडला आणि बोलले.

"मावशी, रागावू नका. तुम्ही वाजवू नका म्हटलं होतं, पण तुम्ही थांबल्या का माझ्यानं राहवलंच नाई. तुमच्या साऱ्या रिकाम्या जागी मी वाजवत होतो. माइक बंद होता, म्हणून तुमाले ऐकू आलं नाई."